खलीलभाईंचा उलटा घेर

घेर आवळत आला की माणसं बोलायची थांबतात. नुसते विळे ऐकू येतात, खर्रक खर्रक, आणि मधल्या गवतात काहीतरी इकडून तिकडे पळतंय त्याची सळसळ.

घेर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आता तो कुणी घालत नाही. नवी मुंबईतल्या पावणे गावात गवतकापणीच्या शेवटच्या दिवशी सगळा गाव माळाच्या कडेनं गोल उभा राहायचा आणि कडेकडून आत कापत यायचा. गवत कमी होईल तसे आतले ससे, लावे, मुंगसं सगळी मध्ये मध्ये सरकत. शेवटी मधोमध एखाद्या खोलीएवढं गवताचं बेट उरायचं. त्या बेटात जे दडलेलं असेल ते गावाचं. मग काठ्या, कुत्री, जाळी आणि घरोघर चुली. बापजाद्यांपासूनचा हक्क होता तो, आणि हक्काला हात लावायचा नसतो हे मला वेगळं सांगायला नको. आमच्या गावी एकानं जत्रेतला नारळाचा मान बदलायला घेतला होता. त्याच्या नातवाला अजून लोक 'नारळ्या' म्हणतात.

तर असा हा पावण्याचा घेर उलटा करायला निघालेला माणूस म्हणजे खलीलभाई, गवताचा व्यापारी.

शहाण्णव सालची गोष्ट. त्याआधी दोन-अडीच वर्षं आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो होतो. मुलगा विलास कारखान्यात, सून शाळेत, मी दिवसभर फिरायला मोकळा. खलीलभाईंचं गोदाम माझ्या फिरण्याच्या वाटेवर. गोदामातून गवताचा वास आला आणि माझे पाय आपोआप आत वळले. राखाडी सफारी घातलेला एक उंच माणूस गंजीपुढे उभा होता. गवंडी कानावर पेन्सिल ठेवतो तशी त्यानं कानावर गवताची काडी ठेवलेली. मी म्हटलं, "पवन्या गवत दिसतंय." त्यानं वळून पाहिलं, कानावरची काडी काढून चावली आणि म्हणाला, "अर्धा पवन्या, अर्धा मारवेल. या, बसा आबा. चहा सांगतो." झाली ओळख!

त्यांचं घराणं रायगडच्या किनाऱ्यावरचं. आजोबा शिडाच्या पडावातून गवत भरून मुंबईच्या तबेल्यांना न्यायचे. "मुंबईच्या म्हशी आमच्या आजोबांना सलाम करायच्या," असं ते सांगत आणि स्वतःच हसत. त्यांच्या बायकोला मात्र या धंद्याचं हसू येत नसे. करिमुन्निसाभाभी मला म्हणाल्या होत्या, "निकाहच्या वेळी सांगितलं, मुलगा व्यापारी आहे. कसला व्यापारी, कुसळांचा! पायमोज्यात कुसळं, उशीत कुसळं. बाई, मी चादर झटकते की मळणी करते, तेच कळत नाही."

पण खलीलभाईंचं गवत संपत आलं होतं. पावण्यामागचा, डोंगराच्या पायथ्याचा माळ म्हणजे त्यांच्या बापाच्या वेळचा ठेवा. गावाचं गुरचरण ते. गवत खलीलभाई घेत, गाव कापून देई. मग आसपास इमारती उठायला लागल्या आणि येता-जाता ट्रक माळावर डेब्रिज टाकून रिकामे व्हायला लागले. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गोळे. त्यावर कुणी कुणी झाडं लावून गेलं. फोटो काढले, झाडं मेली. गवताच्या जागी नुसता टाकळा. ससे दिसेनात. संध्याकाळी माळावर अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी हिवाळ्यात यायचे, ते येईनात.

खलीलभाईंनी गावाकडून माळाचा एक मोठा तुकडा मागून घेतला आणि तो पुन्हा उभा करायचं ठरवलं. मजूर मिळेना. तेव्हा त्यांनी पोरं गोळा केली, आणि काय पोरं! पहिला त्यांचा भाचा शादाब. तो मोटरसायकलसाठी मामाकडे खेटे घालत होता. मामा म्हणाला, "आधी डेब्रिज उचल, मग बघू." दुसरी माझी नात सई, तेव्हा अकरावीत. तिला मीच ओढून नेली. तिसरा पावण्याचाच सदू. गावचे जुने पंच आप्पा, त्यांचं हे शेंडेफळ. तो आला भांडायला, कारण खलीलभाईंनी कुंपणात घेतलेल्या तुकड्यात त्याचं क्रिकेटचं पिच गेलं होतं. भांडता भांडता त्यानं एक लादी उचलून बाहेर फेकली, आणि मग फेकतच राहिला. त्यांच्यामागून कारखान्यांच्या चाळीतली पोरं आली, कुणी गाझीपूरचं, कुणी तिरुनेलवेलीचं.

"ए फ्लॅटवाली," सदू सईला म्हणायचा, "हातमोजं घालून गवत लावतेस? लगीन हाय काय गवताचं?"

"तू आधी मधले स्टंप काढ तुझे," सई म्हणायची.

"मामू," शादाब कपाळ पुसत ओरडायचा, "हे दोघं भांडले की दगड कोण उचलणार? मीच ना?"

गवताचं बी कुठून आणायचं हा प्रश्न पडला, तो सोडवला करिमुन्निसाभाभींनी, तोही वैतागून. गोदामाच्या जमिनीवर गंजीखाली जो भुसा साचतो तो त्या वर्षानुवर्षं झाडून फेकून देत होत्या. पोरांच्या पुढ्यात पोतं आपटून म्हणाल्या, "घ्या, हेच पेरा. निदान माझ्या घरातून जाऊ दे." त्या भुशात बीच बी होतं. पोरांनी ते माळावर पसरलं, वर बाभळीच्या काट्या टाकल्या, गुरं येऊ नयेत म्हणून कडेनंही काट्यांचं कुंपण घातलं.

पहिल्या पावसाळ्यात टाकळाच वर आला. पोरांनी तो उपटला. पुढच्या वर्षी मधूनमधून गवत आलं. आणि या शहाण्णवच्या पावसानंतर बघावं तर छातीएवढं गवत, वाऱ्यावर लवलव करणारं. त्यात ससे आले, लावे आले. सईला एक पीस मिळालं, ते तिनं गाण्याच्या कॅसेटच्या डबीत ठेवलं. गाझीपूरचा पोरगा एकदा धावत आला, "चाचा, उधर खरगोश का पूरा खानदान है!" खलीलभाई त्या दिवशी इतके खूश, की शादाबला मोटरसायकलची चावी फिरवायला मिळाली.

आता तिढा सांगतो. गावात एक ट्रकवाला ठेकेदार फिरत होता. त्याला माळावर ट्रक उभे करायला जागा हवी होती. पंचांचं मन तिकडे झुकलेलं. आप्पांनी खलीलभाईंना सांगितलं, "एक कापनी बगू. गवत पयल्यासारखं उतरलं, तर माळ तुझ्याकडं. नाय तर ट्रकवाल्याला. आनि कापनी गावाच्या रीतीनं. शेवटाला घेर."

खलीलभाई "कबूल" म्हणून बसले. व्यापारी माणूस, शब्द दिला की दिला. कापणी जवळ आली तेव्हा पोरांना हे कळलं.

गोदामात सगळी उभी राहिली. सई म्हणाली, "काका, घेर घालणार? म्हणजे मारणार सगळ्यांना?"

"गावाचा हक्क आहे, बेटा."

"मग आपण केलं काय इतके दिवस?" शादाब म्हणाला. "मामू, आपण गावासाठी मटण पाळलं काय?"

सदू लहानपणापासून घेरात काठी घेऊन उभा राहिलेला पोरगा. बापाची रीत त्याची. त्यानं नुसतं पायानं जमीन उकरली आणि म्हणाला, "त्या सश्यांना आमी नावं ठेवलीत, शेट."

खलीलभाईंनी कानावरची काडी काढली, चावली नाही. तशीच हातात धरून बसले. मग मला म्हणाले, "आबा, चला माझ्याबरोबर. एकट्यानं जायची हिंमत नाही."

आप्पांच्या ओट्यावर गेलो. खलीलभाई म्हणाले, घेर घालू, पण उलटा. मधून सुरू करू आणि बाहेर कापत येऊ. म्हणजे जनावरं बाहेर निघून जातील.

आप्पांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. "उलटा? उलटं कंदी करतात ठावं हाय ना तुला? मानूस गेल्यावर."

आतून तांदूळ पाखडण्याचा आवाज येत होता, तो थांबला. आप्पांच्या बायको, चांगुणाबाई, दारात आल्या. "करू द्या की पोरांना. दर साल सश्याची हाडं चोखून दात पडलं तुमचं, अजून हौस फिटली नाय?"

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "घाल उलटा. पर आयक. रीत मोडली की कायतरी वंगाळ होतं. कुनाला काटा जरी लागला, तर बैठकीला तोंड उघडू नको. माळ गेला समज."

कापणीच्या दिवशी सकाळी पोरं आणि गावकरी छातीएवढ्या गवतातून वाट काढत माळाच्या मध्यावर गेले. मी कडेला करंजाखाली बसलो. तिथंच गावच्या बायका पेंढ्या बांधायला बसल्या होत्या. त्यांच्यामागे काट्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे नाला. कुत्री करंजाला बांधलेली. मधून विळ्यांचा आवाज सुरू झाला, आणि जरा वेळानं गवताच्या डोक्यांवरून माणसांची डोकी दिसायला लागली.

सुरुवात झकास झाली. भुर्रकन लावे उडाले. एक ससा गवतातून बाहेर झेपावला आणि रस्त्याकडे न जाता डोंगराकडे गेला, तेव्हा पोरांनी असा गलका केला की सिक्सर बसला असं वाटावं. कापलेलं गवत पोरं डोक्यावरून आणून टाकत होती, बायका पेंढ्या बांधत होत्या, बांधलेल्या भाऱ्यांची कुंपणाला लागून भिंतच उभी राहिली. आप्पा काठी टेकून रस्त्याच्या बाजूला उभे. तोंडावर काही नाही. नजर मात्र बायकांच्या हातांवर, पोरांच्या पायांवर. काटा शोधत असावेत!

खलीलभाई मधेमधे माझ्याकडे येत, पाणी पीत, आणि विचारत, "सगळं ठीक ना?" मी म्हणायचो, ठीक. पुन्हा जात. असं किती वेळा झालं.

दुपार कलली तेव्हा माळाचा मधला भाग मोकळा झाला होता आणि उभं गवत कडेनं बांगडीसारखं उरलं होतं. मी चांगुणाबाईंना आमच्या खिलारी बैलाची गोष्ट सांगत होतो. बैल बाजारातून पळाला आणि नदीला पूर. गोष्ट ऐन रंगात आलेली. चांगुणाबाई गवताकडे पाठ करून पेंढी बांधत होत्या, "मंग? मंग?" करत होत्या.

तेवढ्यात तिकडे मोकळ्या माळावर सई विळा हातात धरून उभी राहिली. तिचा आवाज मला इथवर ऐकू आला. "शादाब, आत काहीच राहिलं नाही. मग बाकीची सगळी गेली कुठे?"

"बाहेर," शादाब म्हणाला.

आणि दोघांनी एकदम बायकांकडे पाहिलं.

सगळी जनावरं बाहेर काढायची एवढाच विचार आम्ही सगळ्यांनी केला होता. बाहेर कोण बसलंय, ते कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. घेर आत येतो तेव्हा बायका मागे असतात. उलटा गेला की त्या पुढे येतात.

कुकरची शिट्टी सुटण्याआधी वाफ फुसफुसते ना, तसा आवाज आला. चांगुणाबाईंच्या पायाशी घोणस होती. जाड, वेटोळं घातलेली, तोंड उचललेलं. पाठीमागे गवत कापत येणारी माणसं, पुढे भाऱ्यांची भिंत. तिला वाट नव्हती. चांगुणाबाईंनी दचकून पाय आखडला आणि तोल सावरायला हात मागे टेकला. तो टेकला पेरणीच्या वेळी टाकलेल्या बाभळीच्या काटेरी फांदीवर. मी बघितलं. त्यांचा चेहरा आवळला, पण हात त्यांनी उचलला नाही. उचलला असता तर अंग हललं असतं.

बाकीच्या बायका जागच्या जागी थिजल्या. आप्पा काठी उगारून आले.

"आप्पा, काठी खाली," खलीलभाई पलीकडून म्हणाले. ओरडले नाहीत. "वार चुकला तर ती आधी वहिनींना धरेल. कुणी पाय हलवायचा नाही."

"माजी बायको हाय ती!"

"म्हणूनच म्हणतो. काठी खाली."

आप्पांची काठी हवेतच राहिली. कुत्र्यांना वास लागला, एकानं गुरगुरायला सुरुवात केली. सई जनावरांना भिणारी पोर, पण हळूहळू करंजापाशी गेली आणि त्या कुत्र्याच्या गळ्यात हात घालून बसली. त्याचं तोंड तिनं आपल्या ओढणीत धरलं.

खलीलभाईंनी शादाबला नुसता डोळ्यानं कुंपणापलीकडचा नाला दाखवला. शादाबला कळलं. सदूलाही. दोघं लांबून वळसा घालून नाल्यात उतरले आणि पलीकडून कुंपणाला भिडले. काट्या ओढायच्या, पण आवाज करायचा नाही. शादाब बाहेर काढी, सदू झेली. मग भारे. भिंतीतला एक भारा हलला आणि घोणशीनं तोंड तिकडे वळवलं. पुन्हा ती फुसफुस. सगळे थांबले. चांगुणाबाईंच्या मनगटावरून लाल रेघ कोपराकडे येत होती. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत.

भारा सरकला. मागे उजेड दिसला. नाल्याचा गार वारा त्या फटीतून आत आला.

घोणस लगेच गेली नाही. बराच वेळ ती तशीच राहिली, जणू आम्ही खरंच तिला जाऊ देतोय का याचा विचार करत होती. मग वेटोळं सैल झालं, आणि ती भाऱ्यांच्या फटीतून, काट्यांखालून, सावकाश नाल्यात उतरली. शादाब आणि सदू एकमेकांना धरून पाण्यात मागे मागे सरकले. सदू ओरडला, "गेली! गेली रे बा!"

आप्पांनी काठी खाली केली. चांगुणाबाईंनी हात पदराआड घेतला आणि दुसऱ्या हातानं पेंढीची गाठ आवळली. "मेली, सगळी पेंढी सैल करून गेली," म्हणाल्या.

"कापनी थांबवा," आप्पा म्हणाले.

खलीलभाईंच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तेव्हा नाल्यातून भिजून वर आलेला सदू म्हणाला, "बा, आमची म्याच असली की नाल्याकडं आमी कोनालाच उबा करत नाय. बॉल गेला तर गेला. तसंच करू. बाया रस्त्याकडं बसतील, तिकडनंच कापत येऊ, नि नाल्याची बाजू मोकळी सोडू. जायचं त्यांना जाऊ दे."

आप्पांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बायका आपापल्या पेंढ्या उचलून रस्त्याकडे गेल्या. तेच उत्तर समजून विळे पुन्हा सुरू झाले, रस्त्याकडून नाल्याकडे. आता प्रत्येक मूठ धरण्याआधी गवत काठीनं हलवून बघत होते. उन्हं उतरली तेव्हा नाल्याकाठची एक लांबट पट्टी तेवढी उभी होती. सगळे हात थांबले. शेवटचा तुकडा. गावानं सवयीनं आप्पांकडे पाहिलं.

बैठक तिथंच करंजाखाली बसली. भारे तर असे होते की जुन्या माणसांनीसुद्धा मान हलवली. गवताचा प्रश्न नव्हताच आता. आप्पा म्हणाले, "कुनाला काय लागलं असंल तर बोला."

खलीलभाई उभे राहिले. "आप्पा, उलटा घेर माझ्या डोक्यातला. कडेला बायका असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. आज वहिनींच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळे. मी कबूल करतो."

शादाब पुटपुटला, "मामू, गप्प बसा ना."

"ते मी डोल्यांनी बगितलं," आप्पा म्हणाले. "मी ते नाय इचारत. मी बोललो व्हतो काटा. काटा कुनाला लागला?"

मी चांगुणाबाईंकडे पाहिलं. पदराला हातापाशी एक गडद डाग होता. आप्पांनी बायकोकडे मान वळवली.

"तुला?"

"मला कुटं काय?" चांगुणाबाई म्हणाल्या. "मी तर आबांची गोष्ट आयकत व्हते."

आप्पा त्या डागाकडे बघत राहिले. संसार केलेला माणूस तो, त्याला काय दिसलं नसेल? मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "काटा नाय. मंग माळ खलीलकडं. ट्रकवाल्याला सांगा, दुसरीकडं बघ."

पोरांचा जो आवाज उठला त्यानं पट्टीतले उरलेसुरले लावेही उडाले. कुणीतरी विचारलं, "आनि ती शेवटची पट्टी? कापायची?"

"ती ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "दर साल ऱ्हाऊ दे. चांगुणेच्या नावची."

"माज्या नावची कशाला?" चांगुणाबाई फणकारल्या. "मी जित्ती हाय अजून!"

लोक हसत, भारे मोजत, घराकडे निघाले. खलीलभाई मात्र त्या पट्टीकडे तोंड करून उभे होते, कानावरची काडी कुठं पडली होती त्याचंही भान नव्हतं. शादाब त्यांच्या सफारीच्या पाठीवरची कुसळं एकेक करून काढत होता.

सगळे जरा लांब गेल्यावर चांगुणाबाई करंजाखाली बसल्या आणि हात पदराबाहेर काढून सईपुढे धरला. बाभळीचा काटा तळव्यात मोडून रुतलेला, आजूबाजूला सूज.

"काढ गो आता," त्या म्हणाल्या. "आनि तुमी आबा, बसा. त्या बैलाचं काय झालं मंग? पुरात गेला का गावला?"

मी बसलो आणि सांगायला लागलो.